रोबोट कुत्रा घरात आणायचा का? सोबत, कोडिंग, खर्च आणि कॅमेरा : घेण्याआधी हे समजून घ्या

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट. मुलगा दुबईला नोकरीला. घरी त्याची आई, बायको आणि नववीत शिकणारा मुलगा. एका जुम्याला व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "अम्मी, तुझ्यासाठी आणि पोरासाठी एक रोबोट कुत्रा पाठवतोय. तुला सोबत होईल, तो कोडिंग शिकेल." दादींनी तसबीह बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "कुत्रा? घरात? मग मी नमाज कुठं पढायची?" नातू हसत म्हणाला, "दादी, तो मशीन आहे. भुंकतो तेही मशीनच."

नंतर त्या घरातून आम्हाला फोन आला. प्रश्न साधे होते, पण एकाचंही उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. ही वस्तू नेमकी काय आहे? दादींना खरंच सोबत होईल का? पोरगा खरंच काही शिकेल का? दीनच्या दृष्टीने काही अडचण आहे का? आणि इतके पैसे घालावेत का? असे प्रश्न आता बऱ्याच घरांत विचारले जात असतील, म्हणून सगळं एका ठिकाणी सांगतो.

हे प्रकरण आपल्यापर्यंत आलं कुठून?

रोबोट कुत्रा आता फक्त सिनेमात राहिलेला नाही. १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात लष्कर दिनाचं संचलन झालं, त्यात लष्कराचे चार पायांचे रोबोट रांगेत चालले. त्याच वर्षी आयपीएलच्या मैदानावर एक रोबोट कुत्रा फिरताना सगळ्यांनी पाहिला. त्याचं नाव 'चंपक' ठेवलं आणि त्या नावावरून मुलांचं मासिक काढणारी प्रकाशन संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पोरांनी हे सगळं मोबाईलवर पाहिलं, आणि "अब्बू, आपण पण घेऊया" तिथूनच सुरू झालं.

पण लष्करातलं मशीन वेगळं, मैदानावरचं वेगळं आणि घरात आणायचं वेगळं. सगळ्यांना नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो.

तो चालतो कसा?

कुत्र्याच्या प्रत्येक सांध्यात एक छोटी मोटर असते. साध्या, लहान मॉडेलमध्ये तिला सर्व्हो म्हणतात. सर्व्होला सांगायचं, "३० अंशावर जा", की ती तेवढीच वळते आणि थांबते. चारही पायांच्या मोटरींना ठरलेल्या क्रमाने वेगवेगळे कोन दिले की पाय पुढे-मागे होतात आणि कुत्रा चालतो. म्हणजे त्याचं चालणं हे आतून बघितलं तर आकड्यांचा एक तक्ता आहे, आणि तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचला जातो.

याशिवाय पोटात एक तोल मोजणारा सेन्सर असतो. कुत्रा कलला की तो मेंदूला, म्हणजे आतल्या छोट्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि पाय सावरले जातात. महाग मॉडेलमध्ये कॅमेरा, मायक्रोफोन आणि अंतर मोजणारा लेझर सेन्सर असतो. त्यामुळे तो माणूस ओळखतो, भिंतीला धडकत नाही, हाकेला येतो.

आमच्या मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आपोआप चालणाऱ्या यंत्रांचं वेड आजचं नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी अशा यंत्रांवर किताब लिहिली. १२०६ मध्ये अल-जझरी यांनी पाण्यावर चालणारी घड्याळं आणि वाद्य वाजवणाऱ्या यंत्र-बाहुल्यांची रचना चित्रांसह लिहून ठेवली. म्हणजे यंत्र उघडून ते कसं चालतं हे बघणं आपल्याला परकं नाही.

बाजारात चार प्रकार आहेत

पहिला प्रकार : खेळण्यातला. ऑनलाइन हजार-दोन हजारापासून मिळतो. रिमोटवर चालतो, नाचतो, गाणं वाजवतो. डब्यावर "प्रोग्रामेबल" लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच की रिमोटची बटणं ज्या क्रमाने दाबाल तो क्रम लक्षात ठेवून तो पुन्हा करून दाखवतो. हे कोडिंग नव्हे. लहान मुलाला खेळायला ठीक आहे. घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

दुसरा प्रकार : शिकण्यासाठीचा छोटा कुत्रा. यात पेटोई कंपनीचा 'बिटल' बराच माहीत आहे. तळहातावर बसेल एवढा, वजन ३०० ग्रॅमच्या आत. चार पायांत आठ आणि मानेत एक अशा नऊ मोटरी. त्याचा मूळ प्रोग्राम 'ओपनकॅट' सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही वाचू आणि बदलू शकतो. परदेशात किंमत साधारण ३०० डॉलरच्या आसपास. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर २५ ते २७ हजार, शिवाय आयातीचा खर्च.

तिसरा प्रकार : सोबतीसाठीचा. याचं मोठं उदाहरण सोनीचा 'आयबो'. आत्ताचं मॉडेल जपानमध्ये जानेवारी २०१८ मध्ये आलं. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, हलणारे २२ सांधे, डोळ्यांच्या जागी छोटे स्क्रीन. चेहरे ओळखतो, लाड केले की शेपटी हलवतो, बॅटरी संपत आली की स्वतः चार्जरवर जाऊन बसतो. अमेरिकेत २०१८ मध्ये तो २,८९९ डॉलरला आणला गेला, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या घरात. याच गटात 'जॉय फॉर ऑल' नावाचं मऊ केसांचं पिल्लूही आहे. ते चालत नाही, फक्त भुंकतं, मान वळवतं, आणि हात लावला की आतून हृदयाचे ठोके जाणवतात. ते खास वृद्धांसाठी बनवलेलं असून आयबोपेक्षा फार स्वस्त आहे.

चौथा प्रकार : मोठा चालणारा. चीनच्या युनिट्री कंपनीचा 'गो२' २०२३ मध्ये आला. सर्वात साधं मॉडेल १,६०० डॉलर, म्हणजे १ लाख ३५ ते ४५ हजार, कर सोडून. वजन सुमारे १५ किलो, बारा दणकट मोटरी. उडी मारतो, धावतो. इथे एक खोच आहे. हा घेतला म्हणजे पोरगा त्यावर कोडिंग करेल असं गृहीत धरू नका. कंपनीने प्रोग्रामिंगची पूर्ण सोय शिक्षण आणि संशोधनासाठीच्या महाग मॉडेलमध्ये ठेवली आहे. साधं मॉडेल म्हणजे मुख्यतः मोबाईलवरून चालवायचं महागडं यंत्र. आणि १५ किलोचं यंत्र म्हाताऱ्या माणसाच्या पायात आलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पोरगा खरंच शिकेल का?

शिकेल, पण कुत्रा शिकवणार नाही. शिकवायला कुणीतरी माणूस किंवा रोजचा वेळ लागतो.

बिटलसारख्या कुत्र्यावर सुरुवात रंगीत ठोकळे जोडून करता येते. "पुढे चार पावलं, मग बस, मग शेपूट". पण शेपटीला मोटरच नाही, हे कळणं हाच पहिला धडा! त्यानंतर पायथॉन किंवा सी++ या भाषेत खरा कोड लिहिता येतो. कुत्रा डावीकडे का झुकतो? कारण एका सर्व्होचा शून्य अंश चुकीचा बसलाय. तो स्क्रू काढून पुन्हा बसवायचा. हात जोडायला का जमत नाही? कारण दोन मोटरी एकाच वेळी वळल्या पाहिजेत. अशा चुका दुरुस्त करताना मूल जे शिकतं ते व्हिडिओ बघून येत नाही. स्क्रीनवरच्या कोडची चूक दिसत नाही, पण पडलेला कुत्रा समोर दिसतो.

मात्र आधी एक परीक्षा घ्या, तिला पैसे लागत नाहीत. 'स्क्रॅच' हा मुलांसाठीचा प्रोग्राम फुकट आहे. दोन महिने मुलगा-मुलगी त्यावर स्वतःहून काही बनवतात का बघा. मग आर्डुइनो बोर्ड आणि एक-दोन छोटे सर्व्हो घ्या. हे सामान काही शे ते हजार-दीड हजारात होतं. जो मुलगा एक सर्व्हो हलवून खूश होतो, तो नऊ सर्व्होंच्या कुत्र्यावर टिकतो. ज्याला फक्त कुत्रा हवाय, तो पंधरा दिवसांत त्याला कपाटावर ठेवतो.

शाळेतही विचारा. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब देशातल्या सुमारे दहा हजार शाळांत मंजूर झाल्या आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी तिथे आर्डुइनो, सेन्सर, मोटरी असतात. काही ठिकाणी कुलूप लावून पडलेल्या असतात, हेही खरं. पालकांनी चार वेळा विचारलं तर कुलूप उघडतं. आणि हो, घरात मुलगी असेल तर तिलाही त्याच टेबलाशी बसवा. "कुत्रा भावाचा, ती फक्त बघणार" असं करू नका.

दादींना सोबत होईल का?

या बाबतीत दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

अमेरिकेत २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या तीन संस्थांमधल्या ३८ जणांमध्ये काहींना दर आठवड्याला खरा कुत्रा भेटायला आणला, काहींना जुना आयबो, आणि काहींना काहीच नाही. दोन्ही कुत्र्यांनी एकटेपणा कमी झाला, आणि खऱ्या-खोट्या कुत्र्यात फार फरक आढळला नाही. जपानमध्ये बनलेला 'पारो' हा सीलच्या पिल्लासारखा रोबोटही विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी अनेक देशांत वापरला जातो. म्हणजे "मशीनशी काय बोलायचं?" म्हणून हसण्यासारखं यात काही नाही.

पण हा अभ्यास छोटा होता, आणि भेटीच्या वेळी तिथे कुत्रा घेऊन येणारं माणूसही होतं. आपल्या घरातलं चित्र वेगळं असतं. दादी पडल्या तर कुत्रा त्यांना उचलत नाही. साखर कमी झाली तर त्याला कळत नाही. गोळी दिली का, हे तो बघत नाही. एका चार्जवर आयबो साधारण दोन तास चालतो, बिटल तासभर. बाकीचा दिवस तो चार्जरवर. गावात लाईट गेली, वायफाय बंद पडलं, की त्याची निम्मी हुशारी तिथेच संपते.

आणखी एक इशारा जपानमधूनच मिळतो. पहिला आयबो १९९९ मध्ये आला तेव्हा किंमत अडीच लाख येन होती आणि जपानसाठीचे ३,००० नग वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. तोवर अनेक म्हाताऱ्या माणसांना त्याचा लळा लागला होता. सुटे भाग मिळेनात, तेव्हा बंद पडलेल्या आयबोंचे भाग काढून दुसरे चालू करायची वेळ आली. आणि चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांसाठी निरोपाचे विधी २०१५ पासून होऊ लागले. आपल्याला ते विचित्र वाटेल. पण एकट्या माणसाला लावलेला लळा कंपनीच्या एका निर्णयाने तुटतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नव्या आयबोलाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणारा पैसे भरायचा प्लॅन लागतो. प्लॅन थांबला की त्याचं बरंच काही थांबतं.

पाक-नापाक आणि तस्वीरचा प्रश्न

दादींच्या पहिल्या प्रश्नाला टाळून चालणार नाही. जिवंत कुत्र्याबद्दल आपल्याकडे जी खबरदारी आहे ती मुख्यतः त्याच्या लाळेमुळे. हनफी घरांत लाळेचा मुद्दा धरला जातो. कोकणातले आपण बहुतेक शाफई, आपल्याकडे ओल्या कुत्र्याचा स्पर्शही नापाक धरतात आणि सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुण्याचा हुकूम आहे. मालिकी मजहबमध्ये मत वेगळं आहे. शेताच्या, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची सवलत सगळ्यांनाच माहीत आहे.

प्लास्टिक आणि धातूच्या यंत्राला ना लाळ, ना रक्त. त्यामुळे त्याला हात लागला म्हणून वुजू किंवा कपडे धुण्याचा प्रश्न येत नाही. पण दुसरा प्रश्न उरतो : जिवंत प्राण्याच्या आकाराची वस्तू घरात ठेवणं. मुलांच्या खेळण्यांना बहुतेक उलेमांनी सवलत दिली आहे, हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची रिवायत त्यासाठी सांगितली जाते. शोभेसाठी मांडून ठेवलेल्या आकृतीबद्दल मात्र मत कडक आहे. रोबोट कुत्रा शिकण्याचं साधन, खेळणं की शोभेची वस्तू, यावर उत्तर बदलू शकतं. म्हणून आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना नुसतं "रोबोट चालेल का?" असं विचारू नका. तो कसा दिसतो, कशासाठी घेताय, कुठे ठेवणार, किती पैसे लागणार, हे सगळं सांगून विचारा. किमतीचा प्रश्नही दीनचाच आहे. फी थकलेली असताना अडीच लाखांचं यंत्र आणणं याला इस्राफ म्हणतात, हे समजायला फतव्याची गरज नाही.

आणि साधी गोष्ट : नमाजच्या वेळी तो बंद ठेवा. सजद्यात असताना मुसल्यावर कुणी चालत आलं तर लक्ष विचलित होणारच, मग ते मांजर असो की मशीन.

घरातल्या बायका आणि त्याचा कॅमेरा

आमच्या मते सर्वात कमी विचारला जाणारा आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. घर ही अशी जागा आहे जिथे आई-बहिणी ओढणीची चिंता न करता वावरतात. तिथे आपण चालता-फिरता कॅमेरा आणि माइक सोडतोय. तो चेहरे लक्षात ठेवतो आणि काही माहिती परदेशातल्या सर्व्हरवर जाते.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात चेहऱ्यासारखी शारीरिक ओळख गोळा करण्यावर कडक कायदा आहे, त्यामुळे सोनी तिथे आयबो विकतच नाही. युनिट्रीच्या 'गो१' या जुन्या मॉडेलमध्ये बाहेरून शिरता येईल असा चोरवाटेसारखा मार्ग असल्याचं सुरक्षा संशोधकांनी २०२५ मध्ये उघड केलं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायदा नंतर धावून येतो, दार आधी आपण लावायचं असतं.

म्हणून घरात नियम करा. कॅमेऱ्याचा कुत्रा फक्त बैठकीच्या खोलीत. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघराकडे नाही. काम झालं की नुसता झोपवायचा नाही, पूर्ण बंद करायचा. त्याला घरच्या मुख्य वायफायऐवजी वेगळं पाहुण्यांचं वायफाय द्यायचं. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, अपडेट आलं की करायचं. आणि घेण्याआधी घरातल्या बायकांना विचारायचं. त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला. साध्या बिटलसारख्या कुत्र्यात मुळात कॅमेरा नसतो, हा त्याचा मोठा फायदा.

परदेशातून मागवताना

छापील किमतीवर जाऊ नका. त्यावर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियरचे पैसे लागतात. खेळणी म्हणून धरलं तर शुल्क जबर आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ६० वरून ७० टक्के केलं गेलं. लिथियम बॅटरीमुळे काही कुरियरवाले पार्सलच घेत नाहीत. दुबईहून येणाऱ्या भावाच्या बॅगेत आणायचा असेल तर बॅटरीचे विमान कंपनीचे नियम आणि कस्टमची मर्यादा आधी विचारा. मोटर जळली तर भारतात कोण दुरुस्त करेल, सुटा सर्व्हो मिळतो का, वॉरंटी कुठल्या देशात चालते, हे लेखी घ्या. आणि कोकणातली दमट, खारी हवा जून ते सप्टेंबर कुठल्याच इलेक्ट्रॉनिक वस्तूला मानवत नाही. पावसाळ्यात डबा बंद, आत सिलिकाची पुडी.

मग त्या घरी काय ठरलं?

मोठा कुत्रा आणि आयबो दोन्ही रद्द झाले. हिशेब मांडल्यावर मुलगाच म्हणाला, "एवढ्यात तर याची अकरावी-बारावी निघते." नातवाने आधी दोन महिने स्क्रॅच आणि मग आर्डुइनोवर काम केलं. ते टिकलं, म्हणून ईदला छोटा, बिनकॅमेऱ्याचा, प्रोग्राम करायचा कुत्रा आला. मौलानांना विचारून झालं होतं. ते म्हणाले, शिकायला आहे तर शिकू दे, शोकेसमध्ये मांडू नका.

दादींनी मात्र एक अट घातली. "कुत्रा माझ्या खोलीतच चालवायचा. आणि चालवायला रोज तूच यायचं."

आता अस्रनंतर नातू लॅपटॉप घेऊन दादींच्या पलंगाजवळ खाली बसतो. कुत्रा तीन पावलं टाकतो आणि पडतो. दादी विचारतात, "आज कुठला पाय?" तो सांगतो. तासाभरात बॅटरी संपते, कुत्रा डब्यात जातो. नातू बहुतेक वेळा मगरिबपर्यंत तिथेच असतो. दुबईचा फोनही आता त्याच वेळेला येतो.